देव्हारा कुणाच्या खर्चाने? धर्म आणि राज्यसंस्था : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात ठाणे आणि नवी मुंबईहून आलेल्या पत्रांत धर्म, राज्यसंस्था आणि कायदा यांविषयीचे प्रश्न जास्त होते. त्यांपैकी सहा इथे घेतले आहेत. पत्रे आटोपशीर केली आहेत आणि नावे मुद्दाम गाळली आहेत. सोसायटीत राहायचे असते.

प्रश्न : आमच्या सोसायटीत दरवर्षी सत्यनारायण आणि नवरात्र होते. यंदा समितीने तो खर्च मासिक देखभाल बिलात ‘सांस्कृतिक’ म्हणून घातला. मी अनुच्छेद २७ दाखवून आक्षेप घेतला. अध्यक्ष म्हणाले, बहुमताचा ठराव आहे. बरोबर कोण? (घोडबंदर रोड, ठाणे)

आक्षेप रास्त आहे, पण अनुच्छेद चुकला. ज्या कराचे उत्पन्न एखाद्या विशिष्ट धर्माच्या प्रसारासाठी किंवा पोषणासाठी राखून ठेवलेले आहे, तो कर भरायला कुणाला भाग पाडता येत नाही, एवढेच अनुच्छेद २७ सांगतो. कर राज्यसंस्था बसवते. गृहनिर्माण संस्था म्हणजे राज्यसंस्था नव्हे. २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही रेघ स्पष्ट ओढली : सभासदत्व पारशांपुरते ठेवणारा नोंदणीकृत उपविधी न्यायालयाने मान्य केला, कारण मूलभूत हक्कांचे बंधन राज्यसंस्थेवर असते, खासगी संस्थेवर तसे नसते. (तो निकाल दाखवून ‘आमच्याकडे अमुक धर्माच्या लोकांना घर विकत नाही’ असे तोंडी सांगणाऱ्यांनी ‘नोंदणीकृत उपविधी’ हे दोन शब्द पुन्हा वाचावेत. आपल्या सहकारी संस्था कायद्याच्या कलम २३ नुसार पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही.)

म्हणजे तुमचे भांडण संविधानाशी नाही, उपविधींशी आहे. सेवाशुल्क, दुरुस्ती निधी, सिंकिंग फंड, पाणी, लिफ्ट, विमा असे शुल्काचे प्रकार उपविधींत मोजून दिलेले असतात. पूजा त्यांत नसते. बहुमताने नवा रकाना काढता येईल, पण तो रकाना न भरणारा सभासद थकबाकीदार ठरतो, त्यावर व्याज चढते आणि प्रकरण सहकार निबंधकाकडे किंवा सहकार न्यायालयात जाऊ शकते. आरतीच्या तबकाची थकबाकी कोर्टात वसूल करायची वेळ आली की सणाचे काय उरते, हे अध्यक्षांना विचारा.

व्यवस्था अशी असावी. वर्गणी ऐच्छिक, पावतीपुस्तक वेगळे, जमाखर्च वेगळा आणि सण झाल्यावर तो फलकावर लावलेला. देखभाल खात्यातून उसनवारीही नको, कारण घोटाळा बहुतेक तिथूनच सुरू होतो : आधी खर्च, मग वर्गणी कमी पडली म्हणून ‘समायोजन’. सोसायटीबाहेरच्या लोकांकडून पैसे गोळा करणार असाल, तर सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याखाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. गणेश मंडळे घेतात तीच. गच्ची किंवा सभागृह वापरायचा नियम मात्र एकच ठेवा : किती दिवस, किती वाजेपर्यंत, अनामत किती. मग मागणी इफ्तारची असो, नाताळची असो वा गरब्याची.

यामागचा विचार जुना आहे. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने १६८९ मध्ये मांडले की सक्तीने आचार घडवता येतो, श्रद्धा घडवता येत नाही. म्हणून सत्तेने तिथे हात घालणे अन्यायाचे तर आहेच, शिवाय निष्फळही आहे. (याच लॉकने नास्तिकांना मात्र सहिष्णुतेतून वगळले होते. ज्याला देवाचे भय नाही त्याच्या शपथेवर विश्वास कसा ठेवायचा, हे त्याचे कारण.) बिलातून कापलेले एकावन्न रुपये देवाला पोचतात की नाही, हा प्रश्न सश्रद्ध माणसालाही पडायला हवा.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेची तयारी करते. अमेरिकी, फ्रेंच आणि भारतीय धर्मनिरपेक्षता यांतला फरक पाठ आहे, पण उत्तरात गुण मिळत नाहीत. नेमके काय राहते? (वाशी)

बहुधा ‘भिंत’, ‘बंदी’ आणि ‘सर्वधर्मसमभाव’ असे तीन कप्पे करून तुम्ही थांबत असाल. या कप्प्यांतून प्रत्यक्षात काय गळते ते लिहा.

धर्म आणि राज्य यांच्यामधल्या भिंतीची उपमा अमेरिकी संविधानात नाही. ती थॉमस जेफर्सनच्या १ जानेवारी १८०२ च्या पत्रातली आहे. १७९१ ची पहिली दुरुस्ती एवढेच म्हणते की काँग्रेसने (म्हणजे तिथल्या संसदेने) धर्म प्रस्थापित करणारा किंवा धर्माचरणाला मनाई करणारा कायदा करू नये. फ्रान्सचा ९ डिसेंबर १९०५ चा कायदा राज्य कोणत्याही उपासनापंथाला मान्यता, वेतन वा अनुदान देणार नाही असे सांगतो. पण आल्सास-मोसेल भागात आजही पाद्र्यांचे पगार सरकार देते, कारण १९०५ मध्ये तो भाग जर्मनीकडे होता आणि परत आल्यावर जुनीच व्यवस्था चालू राहिली. तुर्कस्तान स्वतःला ‘लाइक’ (laik, म्हणजे धर्मनिरपेक्ष) म्हणवते, आणि तिथे १९२४ पासून धर्मव्यवहाराचे सरकारी खातेच आहे. इमाम त्याचे नोकर. ‘आदर्श नमुना’ म्हणावा असा एकही देश हाताला लागत नाही, हे वाक्य उत्तरात आले तरी परीक्षक सावरून बसेल.

भारतासाठी राज्यशास्त्रज्ञ राजीव भार्गव यांची ‘तत्त्वनिष्ठ अंतर’ ही मांडणी वापरा, पण तिच्या तीन पातळ्यांसकट. राज्याची ध्येये धर्माच्या ध्येयांपासून वेगळी असतात. संस्था आणि त्यांतली माणसे वेगळी असतात. धोरण आणि कायदा या तिसऱ्या पातळीवर मात्र संपूर्ण फारकत नसते. तिथे राज्य धर्मात हात घालूही शकते, हात आखडूही शकते. कसोटी एकच : त्यामुळे स्वातंत्र्य आणि समता वाढते का? अनुच्छेद १७ अस्पृश्यता नष्ट करतो, अनुच्छेद २५(२)(ख) सार्वजनिक स्वरूपाची हिंदू देवस्थाने हिंदूंच्या सर्व वर्गांना खुली करण्याची मुभा देतो; हा हस्तक्षेप झाला. अनुच्छेद २८ संपूर्ण सरकारी खर्चाच्या शाळेत धार्मिक शिक्षण बंद करतो, ही फारकत. आणि अनुच्छेद २९०क खाली केरळच्या निधीतून दरवर्षी साडेसेहेचाळीस लाख आणि तमिळनाडूच्या निधीतून साडेतेरा लाख रुपये देवस्वम (देवळांच्या) निधींना जातात, कारण जुन्या त्रावणकोर संस्थानाची देणी विलीनीकरणाबरोबर आली. हे साहाय्य. एकाच संविधानात तिन्ही.

टीकेचा परिच्छेद विसरू नका. त्रिलोकीनाथ मदान आणि आशिस नंदी या अभ्यासकांनी १९८० च्या दशकात म्हटले की ही कल्पना समाजातून उगवलेली नाही, राज्याने वरून आणलेली आहे. हा आक्षेप प्रसिद्ध आहे, पण आम्हाला तो कच्चा वाटतो : अस्पृश्यताबंदीही तत्कालीन समाजाच्या बहुमतातून उगवली नव्हती. अधिक बोचरा आक्षेप दुसरा आहे. कधी जवळ यायचे आणि कधी दूर राहायचे हे तत्त्वनिष्ठ अंतर आधी सांगत नाही. सत्ताधारी आपल्या सोयीच्या धर्मात सुधारणा करत नाही आणि गैरसोयीच्या धर्मात करतो, तेव्हाही तो ‘तत्त्व’ म्हणूनच करतो. यावर दोन ओळी स्वतःच्या लिहा.

प्रश्न : एखादी प्रथा धर्माचा ‘अत्यावश्यक’ भाग आहे की नाही हे न्यायाधीश कसे ठरवतात? ते धर्माचार्य आहेत का? (कळवा)

नाहीत, आणि आपल्या घटनात्मक विचारातली सर्वांत अवघड गाठ हीच आहे.

सुरुवात बाबासाहेबांच्या एका युक्तिवादापासून होते. २ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत त्यांनी सांगितले की या देशात धर्माची कल्पना इतकी पसरट आहे की जन्मापासून मृत्यूपर्यंत काहीच तिच्याबाहेर राहत नाही. तेव्हा धर्माची व्याख्या श्रद्धा आणि मूलतः धार्मिक अशा विधींपुरती आखडती घ्यावी, वारसाहक्क किंवा कुळकायदा धर्माच्या हवाली करण्याचे कारण नाही. इथे ‘मूलतः’ याचा अर्थ ‘ही बाब धार्मिक स्वरूपाची आहे का?’ एवढाच होता.

१९५४ मध्ये शिरूर मठाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा धागा उचलला. धर्माचा अत्यावश्यक भाग कोणता, हे मुख्यतः त्या धर्माच्याच सिद्धान्तांवरून पाहावे, असे न्यायालय म्हणाले. देवाला नैवेद्य कोणत्या वेळी दाखवायचा हा धर्माचा प्रश्न. त्यावर किती पैसे उधळायचे, हा मालमत्तेच्या व्यवस्थापनाचा प्रश्न असू शकतो आणि त्यावर राज्याला नियंत्रण ठेवता येते. त्याच वर्षी आपल्या मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्यावर (१९५०) निकाल आला. कायदा बहुतांशी टिकला, पण धार्मिक न्यासाचे व्यवस्थापन धर्मादाय आयुक्तासारख्या बाहेरच्या अधिकाऱ्याच्या हाती सोपवण्याची तरतूद पडली. हिशेब तपासा, विधी ठरवू नका, अशी ही वाटणी होती. ती चालण्याजोगी होती.

मग कसोटी सरकली. १९६१ मध्ये अजमेर दर्ग्याच्या प्रकरणात न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी लिहिले की धार्मिक वाटणाऱ्या काही प्रथा निव्वळ अंधश्रद्धेतून आलेल्या, बाहेरून चिकटलेल्या असू शकतात. त्यांना संरक्षण नाही. हेतू सुधारकाचा होता, पण प्रश्न बदलला. ‘ही बाब धार्मिक आहे का?’ याऐवजी ‘ही खऱ्या धर्मातली आहे का?’ असे विचारले जाऊ लागले. पहिल्या प्रश्नाचे उत्तर न्यायाधीश देऊ शकतो. दुसऱ्यासाठी त्याला शास्त्रीबुवा व्हावे लागते.

याचे तीन परिणाम झाले. पोथी असलेल्यांचे फावले आणि पोथी नसलेले अडचणीत आले. ठाणे जिल्ह्यातल्या आणि येऊरच्या पाड्यांवर वाघोबाची पूजा होते. ती कोणत्या ग्रंथात ‘अत्यावश्यक’ म्हटली आहे, असे विचारले तर काय दाखवणार? दुसरे, जिवंत परंपरेत जे आज वादग्रस्त आहे तेही न्यायालयाच्या शिक्क्याने कायमचे गोठते. तिसरा परिणाम सुधारकांनी ध्यानात घ्यावा असा आहे : ही कसोटी उलटी फिरते. १९४९ चा मुंबईचा वाळीतबंदी कायदा १९६२ मध्ये दाऊदी बोहरा समाजाच्या प्रकरणात चार विरुद्ध एक अशा मतांनी रद्द झाला, कारण धर्मगुरूंचा बहिष्काराचा अधिकार पंथाच्या व्यवस्थेचा भाग मानला गेला. सरन्यायाधीश सिन्हांनी विरोधी मत नोंदवले : वाळीत टाकलेल्या माणसाचे दफन, व्यवहार, नातीगोती तुटतात, आणि त्याच्या माणूसपणाचा प्रश्न निव्वळ धार्मिक राहत नाही. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला (शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही). तो जातपंचायतींकडे पाहून केला असला, तरी त्यामागचा तर्क सिन्हांचाच आहे.

पर्याय आहे, आणि तो संविधानातच आहे. अत्यावश्यकतेचा शोध सोडा. आधी एवढेच पाहा की श्रद्धा प्रामाणिक आहे का. १९८६ मध्ये राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभ्या राहिलेल्या, पण न गाणाऱ्या केरळमधल्या तीन मुलांच्या खटल्यात न्यायालयाने तेच केले. त्यांचे मत आम्हाला पटते की नाही, हा मुद्दा नाही, असे सांगितले. त्यानंतर अनुच्छेद २५(१) मधल्या अटींवर या : सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि मूलभूत हक्कांच्या बाकीच्या तरतुदी. म्हणजे प्रथा जुनी आहे की नवी, ग्रंथात आहे की नाही, हे गौण ठरते. ती कुणाला माणसातून उठवते का, हे महत्त्वाचे. २०१८ च्या शबरीमला निकालात न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी या दिशेने पाऊल टाकले. २०१९ मध्ये हे प्रश्न मोठ्या पीठाकडे गेले, आणि २०२३ मध्ये १९६२ चा बोहरा निकालही फेरविचारासाठी तिकडेच सोपवला गेला. या वाटेलाही काटे आहेत. ‘नीतिमत्ता’ कुणाची, हा वाद लगेच उभा राहतो. पण तो वाद न्यायाधीश, वकील आणि नागरिक आपापल्या खुर्चीत बसून घालू शकतात.

प्रश्न : अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन रॉल्स म्हणे राजकारणात धर्माची भाषा नको म्हणतो. मग फुले आणि संत यांना बाद करायचे का? (नौपाडा, ठाणे)

रॉल्स असे म्हणत नाही. त्याचे सारांश तसे म्हणतात. ‘सार्वजनिक विवेका’चे (सर्वांना पटू शकतील अशीच कारणे देण्याचे) त्याचे बंधन दोन बाजूंनी मर्यादित आहे. विषय : संविधानाची मूलतत्त्वे आणि मूलभूत न्यायाचे प्रश्न. माणसे : न्यायाधीश, मंत्री, आमदार-खासदार, उमेदवार, आणि मतदान करताना नागरिक. देवळातले कीर्तन, विद्यापीठ, मासिक, गडकरी रंगायतनमधले व्याख्यान हे सगळे तो पार्श्वसंस्कृतीत, म्हणजे सत्तेबाहेरच्या नागरी जीवनात, घालतो. तिथे बंधन नाही. शिवाय १९९७ मध्ये त्याने सवलत जोडली : धार्मिक कारण खुशाल मांडा, फक्त सर्वांना तपासता येईल असे कारणही यथाकाल द्या.

जोतीराव या कसोटीवर सहज उतरतात. ‘निर्मिकाने (निर्मात्याने) सर्व स्त्री-पुरुषांना सारखे निर्माण केले’ हे धार्मिक विधान आहे, पण त्याच्या जोडीला ते विहिरीचे, शाळेचे, शेतसाऱ्याचे हिशेब मांडतात, आणि ते हिशेब निर्मिक न मानणाऱ्यालाही तपासता येतात.

जर्मन तत्त्वज्ञ हाबरमास आणखी एक बारकावा आणतो. नागरिकांच्या अनौपचारिक चर्चेत धर्माची भाषा मोकळी असावी. विधिमंडळ, न्यायालय आणि प्रशासन यांच्या दाराशी मात्र गाळणी असावी, आणि ते ओझे एकट्या श्रद्धावंतावर नको, श्रद्धा नसलेल्यानेही समोरच्याच्या बोलण्यात काही घेण्याजोगे आहे का ते शोधावे. ख्रिस्ती तत्त्वज्ञ निकोलस वोल्टर्स्टॉर्फ यांचा आक्षेप असा की ज्याचे सगळे जगणेच श्रद्धेतून उभे आहे, त्याला कारणांचे दोन खिसे ठेवायला सांगणे अन्यायाचे आहे. या आक्षेपात दम आहे. तरी कायदा मोडला तर दंड मात्र सगळ्यांना सारखा होतो, तेव्हा कायद्याचे कारणही सगळ्यांना कळेल असे हवे, या उत्तराला आम्ही अधिक वजन देतो.

आपल्याकडे यातला एक भाग थेट कायद्यात आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३(३) नुसार धर्म, वंश, जात, समाज वा भाषेच्या आधारे मत मागणे हा निवडणुकीतला ‘भ्रष्ट आचार’ ठरतो आणि निवडणूक रद्द होऊ शकते. महाराष्ट्र विधानसभेच्या १९९० च्या निवडणुकीतून निघालेल्या खटल्यात २ जानेवारी २०१७ रोजी चार विरुद्ध तीन मतांनी ठरले की उमेदवाराच्याच नव्हे, मतदाराच्या धर्माच्या आधारे केलेले आवाहनही यात येते. अल्पमतातल्या न्यायमूर्तींची काळजी तुमच्यासारखीच होती : जात-धर्मामुळे भोगलेला अन्याय बोलून दाखवणे आणि जात-धर्मावर मत मागणे यांत फरक कसा करायचा?

प्रश्न : पहाटेची अजान आणि रात्रीची आरती, दोन्ही भोंग्यांवर. तक्रार केली तर धर्मविरोधी ठरतो. (ऐरोली)

तक्रारीत धर्म लिहूच नका. वेळ, जागा आणि किती मिनिटे ते लिहा. ठाण्यातल्या एका डॉक्टरांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्येच सांगितले आहे की ध्वनिक्षेपक वापरणे हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही.

२००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार भोंग्याला लेखी परवानगी लागते. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीच्या जाहीर शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर भोंगा बंद. सणांसाठी राज्य सरकार वर्षात एकूण १५ दिवसांपर्यंत रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकते. ते दिवस कोणते, हे आधी पाहून घ्या. लोक चुकतात ते इथे : दिवसाच्या तक्रारीसाठी आवाज मर्यादेपेक्षा १० डेसिबल वा अधिक असावा लागतो, म्हणून मोबाइलच्या अ‍ॅपवरचा आकडा टिकत नाही, पोलिसांनी त्यांच्या यंत्राने मोजायला हवे. रात्रीच्या बंदीचा भंग असेल तर मोजमापाची गरजच नाही. तेव्हा रात्रीची तक्रार तेव्हाच ११२ वर करा, सकाळपर्यंत थांबू नका. आणि ३१ डिसेंबरच्या डीजेलाही हाच नियम आहे.

प्रश्न : आम्ही दोघेही कोणताच धर्म मानत नाही. नोंदणी विवाह करायचा आहे. कायदा आमचे निधर्मी असणे मानतो का? मी खारघरची, तो नेरुळचा. (खारघर)

मानतो, पण अर्धाच. अनुच्छेद २५ मधल्या सद्सद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्यात न मानण्याचे स्वातंत्र्य येते. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की कोणत्याही अर्जात धर्म जाहीर करण्याची सक्ती सरकारला करता येत नाही. तेव्हा रकान्यात ‘धर्म नाही’ असे लिहा.

विवाह विशेष विवाह कायदा, १९५४ खाली करा. नोटिशीपूर्वी दोघांपैकी एक जण ज्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहत असेल, त्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची. नवी मुंबईत गोंधळ इथेच होतो : नेरुळ ठाणे जिल्ह्यात, खारघर रायगडमध्ये. राहत्या पत्त्याचा पुरावा ज्या जिल्ह्याचा, तिथेच अर्ज. नोटिशीनंतर ३० दिवस थांबावे लागते. आक्षेप फक्त वय, आधीचा हयात जोडीदार, मानसिक क्षमता आणि निषिद्ध नाते यांवर घेता येतो. धर्म किंवा आईवडिलांची नाराजी हे कारण नाही. नोटिशीपासून तीन महिन्यांत विवाह झाला नाही तर नोटीस पुन्हा द्यावी लागते. साक्षीदार तीन.

उरलेला अर्धा भाग वारशाचा. या विवाहानंतर सर्वसाधारणपणे भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ लागू होतो. पण १९७६ च्या दुरुस्तीने, दोघेही हिंदू, बौद्ध, शीख वा जैन असतील तर तो लागू होत नाही, आणि हिंदू उत्तराधिकार कायदाच चालतो. तिथे ‘हिंदू’ म्हणजे देव मानणारा असा अर्थ नाही. आईबाप दोघेही तसे असले की पुरते; एकच तसा असेल तर माणूस त्या समाजात वाढलेला असावा लागतो. म्हणजे तुम्ही धर्म सोडलात तरी वारशाच्या वेळी कायदा जन्माचा धर्म विचारायला येतोच. तो प्रश्न न्यायालयावर सोडायचा नसेल तर दोघांनीही मृत्युपत्र करून ठेवा : दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, नोंदणी सक्तीची नाही, आणि ज्याला काही देता त्याला साक्षीदार करू नका.